तेवढा शब्द टाका

ज्येष्ठ सरत आला, विद्यापीठांचे निकाल लागले, कीं आमच्या घरीं दोन तऱ्हेचे पाहुणे येऊं लागतात. एक मुलींच्या पत्रिका घेऊन येणारे, आणि दुसरे मुलांचीं प्रमाणपत्रें घेऊन येणारे. पहिल्यांस अलीकडे ओहोटी लागली आहे, कारण मुली आपापलीं स्थळें आपणच पाहूं लागल्या आहेत, आणि तें ठीकच झालें. दुसऱ्यांची संख्या मात्र वाढतीच आहे. मागणें दोघांचें एकच असतें: "तेवढा शब्द टाका."

यंदा आमचे एक चुलतबंधु, वयानें आम्हांहून वडील, आपल्या चिरंजिवांस घेऊन आले. पाण्याचा पेला खालीं ठेवण्यापूर्वींच त्यांनीं विषयास हात घातला. ज्या कारखान्याच्या हिशेबखात्यांत चिरंजिवांस जागा हवी होती, तेथील एक वरिष्ठ अधिकारी आमचे महाविद्यालयांतील सहाध्यायी आहेत. ही गोष्ट बंधूंस कोठून कळली, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं. "तूं फक्त एक शब्द टाक, पुढचं तो बघेल," ते म्हणाले. चिरंजीव मान खालीं घालून बसले होते. विनयानें म्हणावें तर हातांत मोबाइल होता.

या मुलास आम्हीं गेल्या चार वर्षांत दोन वेळां पाहिलें होतें. एकदां त्याच्या धाकट्या भावाच्या मुंजींत आणि एकदां एका लग्नाच्या पंक्तींत. दोन्ही वेळां त्यानें वांकून नमस्कार केला होता. एवढ्या भांडवलावर आम्हीं त्याच्या सचोटीची, कामसूपणाची व हिशेबांतील चोखपणाची ग्वाही द्यावयाची होती. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागितली. "भावासाठी एक फोन करायला आठ दिवस?" असें म्हणून बंधु उठले. ते जिन्यावरून उतरल्यावर आमच्या मातोश्री, ज्या इतका वेळ पलीकडे वाती वळीत बसल्या होत्या, एवढेंच म्हणाल्या, "भीड ही भिकेची बहीण." हें आम्हांस उद्देशून होतें कीं त्यांस, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं पदवीधर मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनीं असा शब्द कोणाकडे तरी मागितला असेल. आणि ज्यांस थोडाबहुत अधिकार आहे, त्यांच्याकडे तो कोणीं तरी मागितला असेल. पुष्कळांवर दोन्ही प्रसंग एकाच आठवड्यांत आले असतील. म्हणून त्या आठ दिवसांत आमच्या मनांत जें आलें व जें आम्हीं वाचलें, तें येथें मांडीत आहों.

'वशिला' हा शब्द मूळचा अरबी. 'वसीला' म्हणजे साधन, एखाद्यापर्यंत पोंचण्याचा मार्ग. त्यांत पापाचा लवलेश नाहीं. मराठींत रुळल्यावर मात्र त्यास वास येऊं लागला. 'वशिल्याचें तट्टू' हें विशेषण तर आपण शेजाऱ्याच्या मुलासच राखून ठेवलें आहे. आपल्या मुलाच्या बाबतींत आपण 'ओळख' म्हणतों. 'उमेदवार' हा फारशी. जो उमेद धरून बसतो, तो उमेदवार. इंग्रजी अमदानींत कचेऱ्यांतून असे उमेदवार महिनेन् महिने बिनपगारी काम करीत. जागा रिकामी होईल तेव्हां साहेबाची किंवा शिरस्तेदाराची नजर आपणांवर पडावी, एवढाच त्यांचा पगार. ज्याच्या घरीं तोंपर्यंत पोट भरण्याची सोय असे, त्यासच अशी उमेद परवडे, हें उघड आहे. आजच्या बिनपगारी 'इंटर्नशिप' ऐकल्या म्हणजे आम्हांस त्या शिरस्तेदाराची आठवण होते.

शब्द टाकण्याचा आमचा पूर्वानुभव फारसा गौरवाचा नाहीं. वीस-बावीस वर्षांपूर्वीं एका परिचित कुटुंबांतील मुलासाठीं आम्हीं एका संस्थेच्या चालकांस पत्र लिहिलें होतें. संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पत्रांत विशेषणें सढळ हातानें पेरलीं होतीं, कारण मुलगा आम्हांस फारसा ठाऊक नव्हता. जेथें माहिती थोडी असते तेथें विशेषणें फार लागतात. मुलास घेतलें. आठ महिन्यांनीं तो काम अर्धवट टाकून, किल्ल्यासुद्धां परत न करितां, दुसरीकडे निघून गेला. चालकांनीं आम्हांस एका अक्षरानेंही बोल लावला नाहीं. पुढें तीन वर्षांनीं, खरोखर लायक आणि खरोखर गरजू अशा एका मुलीसाठीं आम्हीं त्यांनाच पुन्हा पत्र लिहिलें. त्या पत्राची पोंच आली. उत्तर कधींच आलें नाहीं.

त्या दिवशीं आम्हांस कळलें कीं शिफारसपत्र ही एक हुंडी आहे. ती आपल्या पतीवर निघते आणि दुसऱ्याच्या पेढीवर वटते. पहिली हुंडी खोटी निघाली तर पेढीवाला भांडत नाहीं; तो दुसरी स्वीकारीत नाहीं, इतकेंच. आणि तिची भरपाई आम्हीं केली नाहीं किंवा किल्ल्या घेऊन गेलेल्या मुलानेंही केली नाहीं. ती केली त्या मुलीनें, जिचा या व्यवहाराशीं कांहींच संबंध नव्हता.

विचार करतां असें दिसलें कीं 'शब्द टाकणें' या एकाच प्रयोगाखालीं तीन अगदीं निरनिराळ्या गोष्टी झांकल्या जातात. अमक्या ठिकाणीं जागा होणार आहे, ही बातमी. अमका माणूस असा असा आहे, ही साक्ष. आणि 'आमच्याकडे पाहून घ्या', ही भीड. बंधूंस तिसरी हवी होती. चिरंजिवांच्या उपयोगीं कदाचित् पहिलीच पडली असती. दुसरी द्यावयाची तर ती आमच्याजवळ नव्हतीच.

बातमीची किंमत आपण फार कमी लेखतों. पुण्यांत वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कथा आपल्या घराघरांतून सांगितल्या जातात, आणि त्या कष्टाच्या व चिकाटीच्या म्हणून सांगितल्या जातात, तें योग्यच आहे. पण त्यांत आणखी एक गोष्ट होती. त्या मुलास सात घरांचीं दारें उघडीं असत. सोमवारचें घर वकिलाचें, मंगळवारचें मास्तरांचें, बुधवारचें कचेरींतील कारकुनाचें, गुरुवारचें एखाद्या छापखानेवाल्याचें. कोठें जागा होणार, कोण सेवानिवृत्त होणार, कोणास मोडी वाचणारा हवा आहे, ही कुजबूज वरणभातासोबत त्याच्या पानावर वाढली जाई. तो त्या घरांपैकीं कोणाचाही नातलग नसे. आठवड्यांतून एकदां येणारा एक मुलगा, इतकीच ओळख. अशा ओळखी एकास सात. आणि हेंही येथेंच सांगितलें पाहिजे कीं ज्या मुलास जातीमुळें त्या ओटीच्या पायरीवरही चढतां येत नसे, त्याच्या कानीं ती कुजबूज कधींच गेली नाहीं. त्याच्या चिकाटीच्या कथा आपल्या घरांत सांगितल्या जात नाहींत, कारण त्या आपणांस ठाऊकच नाहींत.

कुजबुजीस उपाय म्हणून परीक्षा निघाल्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरींत माणूस नेमावयाचा तो संचालकांच्या नामनिर्देशानें, म्हणजे मामाकाकांच्या कृपेनें. १८५३ च्या सनदी कायद्यानें हा हक्क संचालकांकडून काढून घेतला आणि १८५५ सालीं पहिली खुली स्पर्धापरीक्षा झाली. ती लंडनला झाली. मामा गेला तरी आगबोटीचें भाडें राहिलें; तेव्हां १८६३ सालीं सत्येंद्रनाथ टागोर उत्तीर्ण होईपर्यंत एकही हिंदी मनुष्य तींत आला नाहीं, आणि परीक्षेची सोय या देशांत होण्यास १९२२ साल उजाडावें लागलें. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदानें सरकारी नोकरींत सर्वांस समान संधी दिली, आणि धर्म, जात, वंश, जन्मस्थान यांबरोबर कूळ हेंही भेदाचें कारण होऊं शकणार नाहीं असें स्पष्ट लिहिलें. अगदीं अलीकडे, १ जानेवारी २०१६ पासून, केंद्र सरकारनें अराजपत्रित 'ब' गट व त्याखालील पदांच्या भरतींतून मुलाखतच काढून टाकली. कां, तर मुलाखतीच्या खोलींत शब्दाला शिरावयास फट सांपडते. पण सरकारी जागा मोजक्या. बहुतेक मुलांचा योगक्षेम खासगी पेढ्यांवर व कारखान्यांवरच चालावयाचा, आणि तेथें अशी सक्ति नाहीं.

तेथें ती फार दिवस चालतही नाहीं, हें मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासावरून दिसतें. गिरणींत माणूस ठेवण्याचा अधिकार कागदोपत्रीं कोणाचाही असो, व्यवहारांत तो जॉबरच्या हातीं असे. रत्नागिरीचा जॉबर रत्नागिरीचीं माणसें आणी, साताऱ्याचा साताऱ्याचीं. लावून दिल्याबद्दल दस्तुरी घेई. १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या व्हिटले आयोगाच्या अहवालानें या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले व भरतीचें काम जॉबरकडून काढून त्यासाठीं स्वतंत्र अधिकारी नेमावा असें सुचविलें. १९३५ सालीं मुंबईच्या गिरणीमालक संघानें बदली कामगारांस कार्डें देण्याची योजना काढली. ज्यांस कार्ड त्यांनींच रोज सकाळीं गिरणीच्या दारांत उभें राहावें, आणि त्यांतूनच बदल्या भरल्या जाव्यात. तरी जॉबर एकदम गेला नाहीं. कारण तो केवळ लांच खाणारा नव्हता. नव्या माणसास खोलींत जागा, खानावळींत उधारी आणि आजारपणांत हातउसने पैसे मिळत ते त्याच्याच ओळखीवर. कार्ड या तिहींपैकीं एकही देत नव्हतें. ओळखीच्या विरुद्ध व्याख्यान देणारांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी असें आम्हांस वाटतें.

आतां जी गोष्ट आम्हांस सर्वांत नवलाची वाटली ती सांगतों. मार्क ग्रॅनोव्हेटर नांवाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें बॉस्टन शहराच्या न्यूटन या उपनगरांत राहणाऱ्या, नुकतीच नोकरी बदललेल्या २८२ सुशिक्षित पुरुषांची चौकशी केली. त्याचा निबंध १९७३ सालीं व पुस्तक १९७४ सालीं प्रसिद्ध झालें. शेंकडा ५६ जणांस नोकरी ओळखीतून मिळाली होती. जाहिराती, मध्यस्थ संस्था, अर्ज हे सर्व मार्ग मागें पडले. येथवर आपल्या बंधूंचेंच म्हणणें खरें ठरतें. अमेरिकाही शब्दावर चालते. पण पुढें त्यानें विचारलें कीं ज्या माणसानें ही नोकरी सुचविली त्याची व तुमची भेट त्या काळांत किती वेळां होत असे? वारंवार भेटणारे निघाले अवघे १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के. आणि वर्षांतून एकदां किंवा त्याहूनही कमी भेटणारे २७.८ टक्के. "म्हणजे तो तुमचा मित्र का?" असें विचारतां "छे, मित्र नव्हे, नुसती ओळख," असें उत्तर पुनःपुन्हा येई.

याचें कारण एकदां समजलें म्हणजे फार साधें आहे. आपले जिवलग आपल्याच वर्तुळांत फिरतात. जें त्यांस ठाऊक तें आपणांसही ठाऊक असतें. सख्खा भाऊ आपल्यासाठीं जिवाचें रान करील, पण त्यानें तरी आपणांस नवीन काय सांगावें? त्याची बातमी कालच जेवतांना ऐकलेली असते. उलट दहा वर्षांपूर्वीं एकत्र काम केलेला, रस्त्यांत भेटला तर नांव आठवावें लागेल असा मनुष्य निराळ्या जगांत वावरत असतो, आणि त्या जगांतील सहज उच्चारलेलें एक वाक्य आपल्या घरांत अपूर्व ठरतें. वारकरी विद्यार्थ्याचीं सात घरें तीं हींच.

आमच्या कुलमंडळाचा व्हॉट्सॲपवर एक समूह आहे. सकाळीं सुविचार, दुपारीं वाढदिवस, रात्रीं वडिलांच्या वेळचीं छायाचित्रें, असा त्याचा नित्यक्रम. मधूनच एखाद्या नोकरीची बातमी येते आणि ती शें-दीडशें घरांस एकाच क्षणीं कळते. पण तीं सारीं घरें एकाच वळणाचीं. सर्वांचे मुलगे त्याच दोन-चार महाविद्यालयांतून निघालेले आणि त्याच दोन-चार धंद्यांत शिरलेले. जिव्हाळा अपार; बातमी शिळी. अलीकडे लिंक्डइन या संगणकीय चावडीवर ग्रॅनोव्हेटरच्या म्हणण्याची मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली. पांच वर्षांत सुमारें दोन कोटी लोकांस निरनिराळ्या प्रकारच्या ओळखी सुचवून, त्यांपैकीं कोणत्या ओळखींतून माणूस नोकरीपर्यंत पोंचतो, हें पाहण्यांत आलें. निष्कर्ष २०२२ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत आला. अगदीं घट्ट ओळख सर्वांत कमी उपयोगी पडली. अगदीं नांवापुरतीही फार नाहीं. मधली, म्हणजे थोडी विरळ अशी ओळख सर्वांत फलदायी ठरली. ज्या धंद्यांत संगणकाचा शिरकाव थोडा, तेथें मात्र जवळचींच माणसें कामास येतात असेंही त्यांत आढळलें. गिरणींतील जॉबरची गोष्ट त्यामुळें खोटी पडत नाहीं.

परंतु ओळख जशी तारते तशी ती बांधूनही ठेवते. याचें उदाहरण अमेरिकेंत शोधण्याची गरज नाहीं. तें दादरला आहे. कौशिक मुंशी व मार्क रोझेंझ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं दादरमधील २८ शाळांतून गेल्या वीस वर्षांत शिकलेल्या मुलांच्या सुमारें ४,९०० मराठी कुटुंबांची पाहणी करून २००६ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. १९९१ नंतर इंग्रजी येणाऱ्यास मिळणारा पगार भराभर वाढला. मग सर्वांनींच आपलीं मुलें इंग्रजी शाळेंत घालावयास हवीं होतीं. ज्या जातींतील पुरुष पिढ्यान् पिढ्या गिरण्यांत व कारखान्यांत आपल्या माणसांच्या ओळखीनें लागत आले होते, त्यांनीं मुलगे मराठी शाळांतच पुष्कळ अंशीं ठेवले. कारण मुलगा मोठा झाला कीं काका त्याला लावून देणार, हें ठरलेलें. मुलींसाठीं मात्र असा कोणी काका नव्हता. त्या कारखान्यांच्या जाळ्यांत मुलींस कधीं स्थानच नव्हतें. तेव्हां त्याच घरांतील मुली इंग्रजी शाळांकडे झपाट्यानें वळल्या, आणि नव्या धंद्यांचीं दारें त्यांस उघडलीं. ज्याच्या पाठीशीं वशिला होता तो भाऊ मागें राहिला. जिच्या पाठीशीं कोणी नव्हतें ती बहीण पुढें गेली.

हें वाचून आमच्या मनांत असा गोड विचार आला कीं आपल्या घरांत वशिला कोठें आहे, आपण तर गुणांवर चालणारे लोक! तो फार वेळ टिकला नाहीं. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. इंग्रजी वृत्तपत्रांत आलेल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींस ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठविण्यांत आले. पात्रता सारखी; फरक नांवाचा. कांहीं नांवें उच्चवर्णीय हिंदूंचीं, कांहीं दलितांचीं, कांहीं मुसलमानांचीं. पुढील बोलावणें येण्याचा संभव उच्चवर्णीय नांवाच्या मानानें दलित नांवास सुमारें दोन तृतीयांश आणि मुसलमान नांवास सुमारें एक तृतीयांश भरला. या अर्जांसोबत कोणाची चिठ्ठी नव्हती किंवा कोणाचा फोन नव्हता. म्हणजे आमच्या चुलतबंधूंच्या चिरंजिवांनीं आमच्याकडे येण्यापूर्वींच एक शब्द टाकून घेतलेला होता. तो त्याच्या अर्जाच्या पहिल्याच ओळींत, आडनांवाच्या जागीं, छापलेला होता.

आठवड्याच्या शेवटीं आम्हीं त्या सहाध्याय्यांस फोन केला. पहिलीं दहा मिनिटें रक्तदाबांत गेलीं. मग मुलाविषयीं कांहीं न बोलतां, काम काय आहे व माणूस कसा हवा आहे, एवढेंच विचारलें. जागा दोन होत्या. जाहिरात कोठेंही दिलेली नव्हती. आपल्याच नोकरांनीं आपापल्या ओळखीचीं नांवें सुचवावीं, आणि सुचविलेला मनुष्य घेतला गेला तर सुचविणारास कांहीं रक्कम बक्षीस द्यावी, असा हल्लीं पुष्कळ कंपन्यांत रिवाज आहे. त्यास 'रेफरल' म्हणतात. दस्तुरी पूर्वीं जॉबर घेई, ती आतां कंपनीच उघडपणें देते. दिशा फिरली, एवढाच फरक. "पण परीक्षा सर्वांची घेऊं, आणि तुम्हीं बाहेरचीं नांवें सुचविलींत तरी चालतील," असें ते म्हणाले.

तेव्हां आम्हीं बातमी वाटली. बंधूंस तर कळविलीच. शिवाय कुलमंडळाच्या समूहावर न टाकतां ती चार निराळ्या घरीं धाडली: आमच्या इस्त्रीवाल्याकडे, एका जुन्या विद्यार्थ्याकडे, कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांकडे, आणि आमच्याकडे स्वयंपाकास येणाऱ्या मावशींकडे, त्यांची मुलगी यंदाच बी. कॉम. झाली. चिरंजिवांसाठीं पत्रही दिलें. त्यांत लिहिलें कीं हा माझ्या चुलतबंधूंचा मुलगा, घराणें सचोटीचें आहे. मुलाचें काम मीं पाहिलेलें नाहीं, तरी आपण स्वतः पारख करावी. पत्र वाचून बंधूंचा चेहरा उतरला. "यापेक्षां न दिलेलं बरं," असें ते आमच्या वहिनींजवळ बोलल्याचें मागाहून कळलें.

परीक्षा झाली. चिरंजीव व मावशींची मुलगी दोघेंही लेखींत उतरलीं. मुलाखतीनंतर चिरंजिवांचें नांव लागलें. दुसऱ्या जागेवर कोणी तिसराच घेतला गेला. श्रावणांत बंधु पेढ्यांचा पुडा घेऊन आले, आणि आमच्या पत्रानेंच काम झालें असें त्यांनीं मोठ्या मनानें सर्वांदेखत सांगितलें. आम्हीं तसें नसल्याचें परोपरीनें सांगितलें. परंतु खरें काय, हें आम्हांस ठाऊक नाहीं. चाळीस अर्जांत एकाच्या वर ओळखीच्या हातचा कागद असला, तर त्यांत काय लिहिलें आहे याहून तो आहे, हेंच वाचणाराच्या ध्यानांत राहत असेल.

पेढे देण्यास मावशीच आल्या. बंधु गेल्यावर त्या दारापाशीं थांबल्या. तक्रार नव्हती, स्वरांत केवळ कुतूहल होतें. "काका, दादांच्या मुलासाठी तुम्ही चिठ्ठी दिलीत, तशा चिठ्ठीत काय लिहायचं असतं?"

आम्हीं बातमी वाटली, परीक्षेचा दिवस कळविला, बससाठीं सुटे पैसेही विचारले. पण त्या मुलीसाठीं चिठ्ठी द्यावी हें आम्हांस सुचलेंसुद्धां नव्हतें. तिनें मागितली नव्हती. मागतां येते, हेंच तिच्या घरीं कोणास माहीत नव्हतें. आणि गंमत अशी कीं ज्या मुलास दोन वेळां पाहिलें त्यास आम्हीं पत्र दिलें, आणि जिला अकरा वर्षें पाहत आहों तिला दिलें नाहीं. चौथींत असल्यापासून ती दुपारीं आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं बसून गणितें सोडवीत असे. सातवींत गेल्यावर आमच्या घरच्या दुधाचा महिन्याचा हिशेब तिच्याकडे आला. गवळ्याच्या वहींतील चुका तिनें किती काढल्या याची गणती नाहीं. आणि एका महिन्यांत गवळ्याचे साठ रुपये आमच्याकडूनच कमी गेले आहेत, हेंही तिनेंच, थोडी घाबरत, पण आंकडा पुढें ठेवून दाखविलें होतें. हिशेबखात्याच्या जागेसाठीं याहून निराळी साक्ष ती कोणती असावयाची?

दुसऱ्या एका पेढींत आमच्या परिचयाचे एक चार्टर्ड अकौंटंट आहेत. भेट दोन-तीन वर्षांतून एखादे वेळीं होते. मावशींस बसावयास सांगून आम्हीं खणांतून कागद काढला, आणि गवळ्याच्या साठ रुपयांपासून पत्रास आरंभ केला.